अकरा गिऱ्हाइकांचा एक ड्रायव्हर

वागळे इस्टेटमध्ये आमची कंपनी होती ती बिस्किटांच्या पुड्यांचे कागद छापणाऱ्या एका प्रेसच्या माडीवर. खाली मशीन सुरू झालं की वर आमच्या टेबलावरचे स्क्रू हळूहळू कडेला सरकत यायचे आणि खाली पडायचे. आम्ही सगळी मिळून नऊ माणसं. मालक करंदीकर साहेब, कार्डं बनवणारी मंडळी, गिऱ्हाइकाकडे जाऊन सगळं जोडून देणारे भोईर, आणि प्रोग्रॅम लिहिणारी मी, दामले मॅडम. प्रोग्रॅम लिहिणारी एकटीच असल्यामुळे माझा रुबाब होता. आणि मी मुळात चिडकी. माझ्या कामात कुणी नाक खुपसलेलं मला तेव्हा चालायचं नाही, आताही फारसं चालत नाही.

धंदा काय होता ते आधी सांगते. त्या काळच्या कॉम्प्युटरच्या पाठीला बाहेरची यंत्रं जोडायला दोनच सीरियल पोर्ट असायचे. सीरियल म्हणजे एका तारेतून एकामागून एक बिट. इमारतीच्या कामावर बाया रांगेत उभ्या राहून घमेली हातोहात पुढे देतात ना, तसंच. कारखान्याला दोन पोर्ट कुठले पुरायला? कुणाला आठ वजनकाटे जोडायचे, कुणाला आठ प्रिंटर. म्हणून आम्ही आठ पोर्टांचं कार्ड बनवायचो. पण नुसतं कार्ड खोचून काही होत नाही. कार्डावर येणारा माल वेळच्या वेळी उचलून कॉम्प्युटरच्या हवाली करणारा एक छोटा प्रोग्रॅम लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. माझ्या सासूबाईंनी सगळ्या बिल्डिंगमध्ये सांगून ठेवलं होतं की सून ठाण्याला ड्रायव्हर तयार करते, आणि तळमजल्यावरच्या काकूंनी खरंच आपल्या भाच्यासाठी फी विचारली होती.

वेग वाढला की या ड्रायव्हरची कसोटी लागते. घमेलं आलं आणि तुमचे हात रिकामे नसले तर मागची बाई थांबत नाही, ती तसंच ओतते. सांडलेला माल परत मिळत नाही. आमच्या कार्डाचा वेग सेकंदाला एक लाख पंधरा हजार दोनशे बिट होता. हा आकडा सांगितला की माझा मुलगा हसतो. हसू दे. तेवढ्या वेगाला आठ पोर्ट एकदम सांभाळून दाखव म्हणावं त्या काळच्या मशीनवर.

मी रुजू झाले तेव्हा गिऱ्हाइकागणिक वेगळा ड्रायव्हर होता. आमची रीतच तशी होती. कार्ड जोडायला कुणीही साइटवर जायचा, अडचण दिसली की तिथेच बसून प्रोग्रॅममध्ये एखादी ओळ घालायचा, शेजारी आपलं नाव लिहायचा आणि जेवायच्या वेळेला परत यायचा. ओळ तिकडेच राहायची. एकदा कल्याणच्या एका पतपेढीनं दसऱ्याला कॉम्प्युटरची पूजा केली. चांगलं केलं, आम्हीही करायचो. पण त्यांच्या मॅनेजरांनी भक्तिभावानं फ्लॉपीलाही हळदकुंकू वाहिलं आणि दुसऱ्या दिवशी तीच फ्लॉपी आत सारली. मला फोन आला, "मॅडम, आतून खवणीसारखा आवाज येतोय हो." त्यांचं सगळं मशीनच फ्लॉपीवर चालायचं, आणि त्या फ्लॉपीवरचा ड्रायव्हर जगात दुसरीकडे कुठेच नव्हता. तो परत लिहायला मला बारा दिवस लागले.

तेराव्या दिवशी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि म्हटलं, "आता बस्स. यापुढे सगळ्यांना मिळून एकच ड्रायव्हर."

"बाई, अकरा गिऱ्हाइकं आहेत. अकरांच्या अकरा तऱ्हा. कसं जमणार?"

"जमवीन. एक दुरुस्ती केली की अकरा ठिकाणी पोचली पाहिजे."

"आणि एक चूक केली की?" साहेबांनी विचारलं.

"मी चूक करणार नाही," मी म्हटलं. हे वाक्य मी खरोखर बोलले होते. गुढीपाडव्यापर्यंतची मुदतही मीच घातली.

अकरा ठिकाणच्या फ्लॉप्या भोईरांनी गोळा करून आणल्या. भोईर तेव्हा बत्तिसेक वर्षांचे असतील. राहणार दिवा, शिक्षण आयटीआय. बोलणं कमी, आणि हात असा की त्यांनी सोल्डर केलेला, म्हणजे कथील वितळवून तारा सांधलेला, कनेक्टर आणि फॅक्टरीतून आलेला कनेक्टर शेजारी ठेवला तर भोईरांचा जास्त देखणा दिसायचा. पंचवीस पिना, पंचवीस सारखे चकचकीत थेंब. त्यांच्या हातांबद्दल मला फार आदर होता. त्यांच्या डोक्याबद्दल मी कधी विचारच केला नव्हता, आणि हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये.

अकरा ड्रायव्हर समोर ठेवून मी एकेक ओळ तपासायला बसले. कामाचं ते ठेवायचं, फापटपसारा उडवायचा. डोंबिवली एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्याच्या प्रतीत एक विचित्र तुकडा दिसला. आठही पोर्ट तपासून झाल्यावर प्रोग्रॅम पुन्हा पहिल्यापासून आठही पोर्ट तपासत होता. शेजारी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं, "पुन्हा एक फेरी. काढू नये. भोईर." का काढू नये, ते काही लिहिलेलं नव्हतं. भोईर त्या वेळी माझ्यापासून सहा फुटांवर बसून वायरी सोलत होते. मान वळवून विचारायचं एवढंच काम. मी विचारलं नाही. उलट मला हसू आलं. वेगासाठी मी जीव टाकत होते आणि हे गृहस्थ एकाच कामाला दोनदा फेरी मारत होते. मी तो तुकडा उडवला आणि घरी जाऊन नवऱ्याला गंमत म्हणून सांगितलंसुद्धा.

पाडव्याच्या चार दिवस आधी ड्रायव्हर तयार झाला. दहा ठिकाणी बसवला, दहाही ठिकाणी सुरळीत चालला. पतपेढीचे मॅनेजर तर पेढे घेऊन आले. मी हवेत होते.

अकरावं गिऱ्हाईक तो रंगाचा कारखाना. त्यांनी त्याच सुमाराला आठ नवे वजनकाटे घेतले, जुन्यांपेक्षा कितीतरी वेगवान. त्यांना जुनी केबल चालेना, म्हणून भोईरांनी सगळी नवी केबल टाकली. त्याच दिवशी माझा नवा ड्रायव्हर चढला. तिसऱ्या दिवशी तिथले केमिस्ट कुलकर्णी यांचा फोन आला, "दामले मॅडम, तुमचे आठही काटे एकदम मेले की हो!"

ते काटे रंगाचे घटक तोलायचे. वजन कॉम्प्युटरला कळलं नाही तर नळ वेळेवर बंद होत नाही आणि पिंपात भलतंच काहीतरी तयार होतं. गुलाबी व्हायचा तो जांभळा झाला. एमआयडीसीच्या नाल्याला त्या दिवशी कुठला रंग होता ते विचारू नका. मशीन बंद करून चालू केलं की सगळं ठीक व्हायचं, आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा आठही काटे मुके.

ऑफिसात बैठक बसली. नवी केबल की नवा ड्रायव्हर, दोन्हीपैकी एक काहीतरी. मी ताठ मानेनं सांगितलं, "हाच ड्रायव्हर दहा ठिकाणी चालतोय. इथेच कसा बिघडेल?" सगळे भोईरांकडे बघायला लागले. भोईर स्वतःच्या हातांकडे बघत होते.

त्यांनी सगळे सांधे तोडून परत केले. काटे परत मेले. पुन्हा केले, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेनंतर ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"मॅडम, मी सगळे कनेक्टर परत मारलेले. मीटर लावून एकेक पिन बघितली. काय सापडत नाय. पण माझंच कायतरी चुकत असणार."

"बघा, भोईर. लक्ष देऊन करा," मी म्हटलं. अगदी असंच.

कारखान्यानं महिनाअखेरची मुदत दिली. नाहीतर तुमचं सामान उचला, म्हणाले. साहेब घाबरले. त्यांनी भोईरांना घरी बसायला सांगितलं आणि मला म्हणाले, "बाई, तुम्ही एक रिपोर्ट लिहून द्या की ड्रायव्हर निर्दोष आहे, दोष जोडणीचा आहे. मी तो कारखान्याला पाठवतो, भोईरांना महिनाअखेरीला पत्र देतो आणि दुसऱ्या माणसाकडून केबल टाकून घेतो."

मी म्हटलं, डोळ्यांनी बघितल्याशिवाय सही करणार नाही. यात भोईरांची कणव वगैरे काही नव्हती, खोटं कशाला सांगू. प्रश्न माझ्या सहीचा होता. पण एकदा बघायचं ठरवल्यावर मी काही सोडणारी बाई नव्हे.

मला कारखाना घराजवळच होता. सकाळी आठला जायचं आणि काट्यांसमोर स्टूल टाकून बसायचं. प्रत्येक केबलच्या मध्ये एक डबी लावली होती. तारेतून काही गेलं की डबीवरचा लाल दिवा लुकलुकतो. पहिला दिवस कोरडा गेला. दुसरा गेला. कपड्यांना, केसांना रंग बसला. सासूबाई म्हणाल्या, "अगं, होळी होऊन महिना झाला." साहेबांचा रोज फोन, रिपोर्टचं काय झालं? मी सांगायचे, बघितल्याशिवाय नाही. तिसरा दिवसही गेला. चौथ्या दिवशी साडेअकराला पडद्यावरचे आठही आकडे जागच्या जागी थिजले.

मी डब्यांकडे बघितलं. आठही दिवे लुकलुकत होते.

म्हणजे काटे बोलत होते. केबलीतून माल व्यवस्थित येत होता आणि थेट कार्डाच्या दारापर्यंत पोचत होता. तो उचलणारा माझा ड्रायव्हर झोपला होता. कुलकर्णी शेजारी येऊन म्हणाले, "काय झालं? सापडली का केबल?"

"केबल बरोबर आहे, कुलकर्णी. सगळ्या बरोबर आहेत."

"मग काय हो?"

"मग माझंच चुकलंय," मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं, कारण हळू आवाजात म्हटलं असतं तर कदाचित पुन्हा म्हणायचं धाडस झालं नसतं.

रविवारी घरच्या हॉलमध्ये जमिनीवर जुना आणि नवा, दोन्ही ड्रायव्हरचे छापील कागद अंथरले. सासूबाई कागदांवरून उड्या मारत देवघरात जात होत्या. पाहिजे ती जागा सापडायला वीस मिनिटंही लागली नाहीत. "पुन्हा एक फेरी. काढू नये. भोईर."

चूक काय होती ती सांगते, सोपी आहे. समजा आठ बिऱ्हाडांना मिळून एकच घंटा आहे, आणि ती बटण दाबल्याच्या क्षणाला एकदाच वाजते. नुसतं दाबून धरलं तर वाजत नाही. घंटा वाजली की गडी पहिल्या दारापासून आठव्या दारापर्यंत जातो, ज्याला जे हवं ते देतो, मिळालं की ते बिऱ्हाड बोट उचलतं, आणि गडी परत येऊन बसतो. आता तो पाचव्या दाराशी असताना दुसऱ्या बिऱ्हाडानं बटण दाबलं. पाचव्याचं बोट अजून बटणावर आहेच, म्हणून नवा आवाज झाला नाही. गडी आठवं दार करून परत गेला. दुसरं बिऱ्हाड बटण दाबून धरून वाट बघतंय, आणि ते बोट उचलत नाही तोवर बाकी कुणी दाबलं तरी घंटा वाजणार नाही. आठही बिऱ्हाडं उपाशी. उपाय एकच, गड्यानं बसण्याआधी पुन्हा एक फेरी मारायची, आणि एकही दार मागणारं उरलं नाही असं दिसेपर्यंत मारत राहायची. बाकी दहा गिऱ्हाइकांची यंत्रं संथ होती, म्हणून त्यांच्याकडे अशी गाठ पडत नव्हती. रंगाच्या कारखान्यात जुने काटे असतानाही ती कधीतरी पडली असणार. भोईरांनी तिथे बसून, बघून बघून ती ओळखली होती आणि दोन वर्षं कारखाना त्यांच्या त्या तुकड्यावर चालला होता. मी डिग्रीवाली बाई तो उडवून मोकळी झाले होते.

सोमवारी मी तो तुकडा परत घातला. आठ दिवस कारखान्यात बसून आठही काट्यांवर एकदम वजनं टाकवून घेतली. एकदाही काही थिजलं नाही. मग साहेबांकडे गेले आणि सगळं सांगितलं.

साहेबांनी दार लावून घेतलं. "बाई, ऐका. कारखान्याच्या मालकांना मी केबल म्हणूनच सांगितलंय, कुलकर्ण्यांनाही मी समजावतो. ते तसंच राहू दे. ड्रायव्हरचं नाव काढलं की बाकीचे दहाजण उद्या दारात उभे."

"उभे राहायलाच पाहिजेत. तोच ड्रायव्हर त्यांच्याकडे आहे. आज त्यांची यंत्रं हळू आहेत, उद्या नवी घेतील."

"मग गुपचूप नवी फ्लॉपी देऊन या ना. कोण विचारतंय?"

"आणि भोईर?"

"त्याला मी चांगलं सर्टिफिकेट देईन. मिळेल कुठेतरी."

माझं डोकं फिरलं. "साहेब, त्या माणसानं जे बरोबर केलं होतं ते मी खोडलं. माझ्या चुकीपायी त्यानं तीन वेळा दोनशे दोनशे सांधे तोडून परत केले. आणि मी त्याला लक्ष देऊन करा म्हणाले. पत्र मी लिहिणार, अकराही गिऱ्हाइकांना. माझ्या नावानं."

"असं पत्र गेलं तर तुमच्या नोकरीचं मी काही सांगू शकत नाही."

"तुम्हीच सांगू शकता. मालक तुम्ही आहात. ठरवा काय ते."

पत्र मी तिथेच बसून टाइप केलं. दोष ड्रायव्हरमध्ये आहे, तो माझ्या हातून झाला, श्री. भोईर यांची जोडणी पूर्णपणे निर्दोष आहे, त्यांनीच केलेली दुरुस्ती मी चुकून काढली होती, नवी फ्लॉपी घेऊन मी स्वतः येत आहे. अकरा पाकिटं खोपटला एसटी डेपोसमोरच्या टपालपेटीत टाकली आणि परत येऊन फ्लॉप्या बनवायला बसले. दोन गिऱ्हाइकं सुटली. साहेब पंधरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत, पण काढलंही नाही, आणि चौथ्या दिवशी भोईरांना कामावर या म्हणून पत्र गेलं. भोईर आले नाहीत. आठवडा गेला तरी नाहीत.

मग एका रविवारी सकाळी मीच दिव्याला गेले.

खाडीच्या बाजूला जुन्या गावात त्यांचं घर. ओटीवर भोईर खाली मान घालून बसले होते, हातात सोल्डरिंगची कांडी, समोर पंचवीस पिनांचा कनेक्टर. शेजारी खुर्चीवर त्यांचे वडील. पांढरी मिशी, डोळ्यांवर जाड चष्मा. ते वीज खात्यात केबलचे सांधे करायचे, रस्त्याखालचे, आणि मुलाला कांडी धरायला त्यांनीच शिकवलं होतं, हे मला भोईरांनी कधीतरी सांगितलं होतं. मला बघून भोईर गडबडून उठले. वडील उठले नाहीत.

"तुमी कोन?"

"मी दामले. यांच्या कंपनीतली."

"बोला."

मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. घंटेचं, फेरीचं. त्यांना ते लगेच समजलं.

"म्हंजे यानं लिवलेला तुमी काढलात?"

"हो."

"काढू नये असा लिवलेला?"

"हो."

"याला इचारलात नाय."

"नाही," मी म्हटलं. मला ओटीवर उभं राहवेना इतकी लाज वाटत होती. "काका, चूक सगळी माझी. यांना परत कामावर पाठवा."

"पत्र आला तवाच मी याला बोललो, जा. हा नाय बोलतो. बोलतो, बाबा, माजा हात गेला, परत कुटं चुकला तर?" मग म्हणाले, "याला कारण मी पन हाय. घरी बसवला तवा मी याला बोललो, तुजा हात बिघडला. सकालच्याला रोज एक कनेक्टर करायचा, माज्यासमोर. तीन आठवडे करतंय."

त्यांनी खुर्चीखालून पत्र्याचा डबा ओढला आणि माझ्यासमोर चटईवर उपडा केला. एकवीस कनेक्टर होते. मग खिशातून भिंग काढून माझ्या हातात दिलं.

"बघा."

"काका, मला बघायची गरज नाही. मला माहीत आहे."

"मना गरज हाय. माजे डोळे गेलेत. मी बोललोय ते तुमी बघून सांगा, खरा का खोटा."

मी खाली बसले. एकेक कनेक्टर हातात घेतला, भिंगाखाली धरला, एकेक पिन बघितली. चौथ्या-पाचव्यानंतर मी जरा भरभर करायला लागले तर वडील म्हणाले, "सावकाश." भोईर खांबाला टेकून पाठमोरे उभे होते. त्यांची बायको नळावरून हंडा घेऊन आली, आमच्याकडे बघून तशीच दारात थांबली. तासाच्या वर गेला असेल. माझी मान आखडली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते काही सगळं भिंगामुळे नव्हतं. शेवटचा कनेक्टर मी बाकीच्यांच्या शेजारी ठेवला.

"एक पन कच्चा नाय?" वडिलांनी विचारलं.

"नाही, काका. एकही नाही."

"त्याला सांगा."

मी उठून भोईरांच्या पाठीमागे जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "भोईर, पाचशे पंचवीस सांधे मी आत्ता बघितले. एकही कच्चा नाही. तुमचा हात कधीच बिघडला नव्हता."

ते वळले नाहीत. नुसती मान हलवली. मग त्यांनी भिंतीतला प्लग काढला, ओटीवरची तापलेली कांडी ओल्या फडक्यावर गार केली आणि वायर नीट गुंडाळून कामाच्या पिशवीत ठेवली. वडील इतका वेळ त्यांच्याकडेच बघत होते. आता सुनेकडे वळून म्हणाले, "चाय ठेव गो. मॅडम कवाच्या आल्यात."